काट्याचं पंक्चर आणि चिमट्याचं पंक्चर

सायकलचं चाक बसलं की दोन्ही पंक्चर सारखीच वाटतात. ट्यूब बाहेर काढून, थोडी हवा भरून बादलीत बुडवल्यावरच ती वेगळी ओळखता येतात. बुडबुडे एकाच टिंबातून येत असतील तर काहीतरी टोचलंय. शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर बहुधा काहीच टोचलेलं नाही. टायरमध्ये हवा कमी होती, चाक कशावर तरी आपटलं आणि ट्यूब रिमच्या कडेखाली चिमटली.

पहिल्या प्रकारासाठी गोव्यात काट्यांपेक्षा काच जास्त जबाबदार. किनाऱ्याकडच्या रस्त्यांवर फुटलेल्या बियरच्या बाटल्या असतातच, आणि ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, म्हणून हा त्रास पावसात वाढतो. चिमट्यालाही पावसाळाच आवडतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली चाक आत गेल्यावरच कळते. एरवी रंग उडालेला स्पीडब्रेकर आहे, आणि रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीच्या रॅम्पची लोखंडी कड आहे. कॅरिअरवर तांदळाची पिशवी असेल तर मागचं चाक आधी जातं.

पंक्चर काढायची रीत दोन्हींना एकच. जागा घासपेपरने खरवडायची, सोल्युशनचा पातळ थर लावायचा आणि तो सुकू द्यायचा. इथेच बहुतेक जण घाई करतात. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण पाच मिनिटं थांबायचं आणि मगच पॅच दाबून बसवायचा. दमट हवेत आणखी थोडा वेळ द्यावा. चिमट्याच्या दोन्ही चिरा एका मोठ्या पॅचखाली पूर्ण झाकल्या जात असतील तर बरं. पॅचच्या काठावर चीर येत असेल तर दोन वेगळे पॅच लावा. चीर लांब असेल तर सरळ नवी ट्यूब टाका, पॅचवर जीव अडकवू नका.

खरा फरक पडतो तो ट्यूब परत घालण्याआधी. टोचलेलं असेल तर टोचणारी वस्तू बहुतेकदा टायरमध्येच बसलेली असते. ट्यूब टायरवर धरून व्हॉल्व्हची जागा जुळवली की भोकावरून नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. आतून फडकं फिरवा, उघडं बोट नको, काच तेही कापेल. काच सापडली नाही तर नवा पॅच लावूनही चाक पुन्हा बसेल. चिमट्यात मात्र हा शोध वायफळ. तिथे उपाय पंपात आहे.

टायरच्या बाजूला हवेचा दाब छापलेला असतो, पीएसआयमध्ये. जाड टायरला तो चाळीस-पन्नासच्या आसपास असतो, बारीक रेसिंग टायरला ऐंशीच्या वर. अंगठ्याने दाबून हवा पाहायची सवय जाड टायरला कशीबशी चालते, बारीक टायरला अजिबात नाही. काट्याकाचेसाठी जाड टायर, टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची पट्टी, ट्यूबमध्ये सोडायचं सीलंट या गोष्टी कामाच्या आहेत. पण सीलंट बारीक भोक बुजवतं, चिमट्याच्या चिरा सहसा नाही. म्हणून वारंवार चिमटे बसत असतील तर सीलंटवर पैसे घालवू नका, दाब दाखवणारा काटा असलेला पंप घ्या आणि आठवड्याला एकदा हवा बघा. चांगल्या ट्यूबमधूनही ती हळूहळू जातेच.

भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर ते या दोन्हींतलं नव्हे. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी रिम गंजते, तिचे पोपडे किंवा स्पोकच्या तारेचं टोक ट्यूबला लागतं. रिम घासून साफ करा आणि नवी रिमपट्टी घाला.

आणि बादलीत एकही बुडबुडा आला नाही, तर व्हॉल्व्हचं तोंड पाण्यात धरा. जुन्या पद्धतीच्या सायकलींत तिथली बारीक रबरी वॉलट्यूब कुजलेली असते. ती बदलायला ना सोल्युशन लागतं, ना घासपेपर.