रात्री अकराचा मेसेज आणि कॉर्टिसॉल

माझी मावसबहीण जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याची. पुण्यात तिला पाहिजे तोच जॉब लागला तेव्हा मावशीने गल्लीभर पेढे वाटले होते, आणि दिवाळीला घरी आली तर फोन वाजला की दचकायची, भरीत-भाकरी समोर तशीच पडून, मावशी म्हणे काय व्हयनं बेटा, तर म्हणे काही नाही, ॲसिडिटी.

मॅनेजर रोज सगळ्यांसमोर झापायचा, रात्री अकराला मेसेज.

असा मेसेज दिसला की मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, ती किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना कळवते आणि त्या कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सोडतात, मग रक्तात साखर वाढते, पचन मागे पडतं, झोप उडते. शेतात साप दिसला तरी हेच होतं आणि ते व्हायलाच पाहिजे, कारण साप निघून जातो आणि वाढलेलं कॉर्टिसॉलच मेंदूला सांगतं की आता बस. पण मेसेज रोजच येणार असेल तर ही सिस्टीम बंद व्हायला वेळच मिळत नाही. ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये अशा साचत जाणाऱ्या झिजेला 'ॲलोस्टॅटिक लोड' म्हटलं.

आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी केळीची पानं बघा, मधल्या दांड्यापासून दोन्ही बाजू खाली मिटतात, पाणी वाचवायला, ऊन उतरलं की परत उघडतात. आणि तरीही शेतकरी बागेभोवती शेवरीची झाडं लावतोच ना, गरम वारा अडवायला? केळीला कोणी म्हणत नाही की तू स्ट्राँग हो. पोरांना मात्र सगळे हेच सांगतात, मला याचा खरंच राग येतो.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की नुसतं जास्त काम एवढं घातक नसतं, जास्त काम आणि हातात काहीच निर्णय नाही, हे दोन्ही एकत्र आलं की माणूस खचतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाने पार खचून जाण्याला, आजार नाही म्हटलं, कामाच्या ठिकाणी सतत राहणाऱ्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी गोष्ट म्हटलं.

हे सगळं तिला सांगितलं तर बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, म्हणजे मी कमजोर नाहीये? तेव्हा मावशी पण रडली.

आता डॉक्टरकडे जाऊन आलीये, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवते, सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून दुसरीकडे अर्ज सुरू केलेत. झोप अजून पूर्ण आलेली नाही, पहाटे चारला जाग येतेच.