पीसीओएस आणि रोजची दिनचर्या : आमच्याकडे येण्याआधी एवढं वाचा

'किती किलो कमी करायचं?' हाच बहुतेकींचा पहिला प्रश्न असतो. पण सडपातळ मुलींनाही पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांचा विकार) होतो, त्यामुळे आम्ही सुरुवात वजनकाट्यापासून करत नाही.

पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिनचा (रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवणाऱ्या संप्रेरकाचा) परिणाम कमी होतो आणि शरीर ते जास्त तयार करू लागतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयांना पुरुषी संप्रेरकं वाढवायला लावतं. त्यातून हनुवटीवर राठ केस, पिंपल्स आणि विरळ होणारे केस असे त्रास सुरू होतात. स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. सोनोग्राफीत दिसतात ते वाढ अर्धवट राहिलेल्या बीजांचे बारीक कोश. त्या काढून टाकायच्या गाठी नव्हेत.

व्यायामाचं महत्त्व इथेच आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर वापरतो. म्हणून काटा हलला नाही तरी व्यायाम फुकट जात नाही. आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल इतकं भरभर चालणं, आणि लागोपाठ नसलेल्या दोन दिवशी ताकदीचे व्यायाम. वजनं उचलून शरीर पुरुषी होईल ही भीती सोडा.

खास 'पीसीओएस डाएट' आम्ही देत नाही, कारण अमुकच आहार सरस ठरल्याचा पुरावा नाही. वर्षभर पाळता येईल तोच आहार चांगला. उपाशी राहू नका. वजन जास्त असेल, तर 5 ते 10 टक्के घटलं तरी पाळीत फरक पडू शकतो. चेहऱ्यावरच्या केसांना मात्र बरेच महिने लागतात, तेवढ्यात हिरमुसू नका.

निदान डॉक्टरांचंच. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनचा (दूध तयार करायला लावणाऱ्या संप्रेरकाचा) दोष आधी वगळावा लागतो, साखरेची तपासणीही हवी. तीन महिने पाळी आली नाही, तर आमच्या दिनचर्येच्या तक्त्याच्या भरवशावर न थांबता डॉक्टरांकडे जा. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. जोरात घोरत असाल, दिवसा सतत पेंग येत असेल किंवा मन खचलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. चालू गोळ्या परस्पर बंद करू नका. आणि हो, पाळी अनियमित असली तरी गर्भ राहू शकतो. मूल नको असेल तर गर्भनिरोधक वापरा.

येताना मागच्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा, रिपोर्ट आणि गोळ्यांची नावं सोबत आणा.