प्रकाशाने चालू होणारी विकरे (जीवाणूंमधील)

जीवाणूच्या पेशीत तयार असूनही उजेड पडेपर्यंत गप्प किंवा मंद राहणारी विकरे (एंझाइम). नुसत्या प्रथिनाला दृश्य प्रकाश सहसा शोषता येत नाही, म्हणून यांपैकी बहुतेकांत प्रकाश टिपणारा वेगळा रेणू बसलेला असतो. अनेकदा तो पिवळ्या रंगाचे फ्लेव्हिन असतो.

फोटोलायेज हे यातले जुने उदाहरण. अतिनील किरणांमुळे डीएनएतील शेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार 'अक्षरांपैकी' एक) एकमेकांना चिकटतात. फोटोलायेज अंधारातही त्या जोडीवर जाऊन बसते, पण काम सुरू करत नाही. निळा प्रकाश मिळताच त्यातील फ्लेव्हिन जोडीला एक इलेक्ट्रॉन देते, बंध सुटतात, इलेक्ट्रॉन परत येतो. उजेडामुळे जीवाणू असे सावरतात हे अल्बर्ट केल्नर यांनी १९४९ मध्ये दाखवले. डीएनए-दुरुस्तीच्या संशोधनासाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांतील अझीझ संजार यांचे काम याच विकरावर सुरू झाले. मात्र प्रत्येक दुरुस्तीला नव्याने प्रकाश लागतो, म्हणून याला बटण म्हणणे फारसे बरोबर नाही. बटण शोभते ते ऱ्होडोकॉकस या जीवाणूच्या काही वाणांतील नायट्राइल हायड्रेटेज या विकराला. अंधारात त्याच्या लोहाला नायट्रिक ऑक्साइड चिकटून असतो. प्रकाशाने तो सुटला की विकर चालू.

तिसऱ्या प्रकारात प्रकाश टिपणारा भाग आणि विकराचा भाग एकाच प्रथिनात जोडलेले असतात. गायी-म्हशी गाभडण्यास कारण ठरणाऱ्या ब्रुसेला या जीवाणूत असे निळ्या प्रकाशाने जागे होणारे हिस्टिडीन कायनेज (फॉस्फेट जोडून पेशीत संदेश पोहोचवणारे विकर) २००७ मध्ये आढळले.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शेतकऱ्याला यातला जवळचा जीवाणू म्हणजे कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतला नत्र पिकाला देणारा रायझोबियम. मूग, उडीद, हरभऱ्याच्या बियाण्याला तो गुळाच्या पाण्यातून चोळतात आणि बियाणे सावलीत सुकवतात. वाटाण्याच्या मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियमातही असेच कायनेज आहे, आणि मुळांना लावण्याआधी त्या जीवाणूंना उजेड दाखवला तर गाठी वाढतात, असे २०१२ मध्ये दिसले. म्हणून बियाणे उन्हात टाकावे असे मुळीच नाही. तो प्रयोगशाळेतला उजेड. खानदेशातल्या उन्हात अतिनील किरणांबरोबर ताप आणि कोरडेपणाही येतो, आणि फोटोलायेज सांधते ते फक्त डीएनए. शिवाय हरभऱ्याचा जीवाणू वाटाण्याच्या जीवाणूहून वेगळ्या प्रजातीचा आहे.