गांधीजींची अंत्ययात्रा आणि व्हिनेगरचा वास

जुन्या फिल्मचा डबा उघडला की जाणकार माणूस आधी डोळे वापरत नाही, नाक वापरतो. आंबट, झोंबणारा व्हिनेगरचा वास आला की समजायचं, आतलं रीळ सडायला लागलंय.

३१ जानेवारी १९४८ची दिल्लीतली दृश्यं आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिली असतील. बिर्ला हाऊसपासून यमुनेच्या काठापर्यंत सुमारे आठ किलोमीटर नुसती माणसं, आणि त्यांच्यातून इंच-इंच सरकणारी लष्करी गाडी. तिचं इंजिन चालू केलंच नव्हतं. चार दोरखंड, प्रत्येकाला पन्नास जण, अशी ती ओढून नेली. हे आज दिसतं ते ३५ मिलिमीटर रुंद पट्टीवरच्या चांदीमुळे. प्रकाश लागलेल्या चांदीच्या क्षारकणांची डेव्हलपर नावाच्या रसायनात काळी चांदी होते आणि ती जिलेटिनच्या पातळ थरात अडकून राहते. चांदी तशी चिवट. दगा देते ती तिच्याखालची पारदर्शक पट्टी.

योगायोग असा की १९४८ हे साल या पट्टीच्याही आयुष्यातलं वळण आहे. तोवर सिनेमाची फिल्म प्रामुख्याने सेल्युलोज नायट्रेटची असे, म्हणजे तोफांच्या दारूत वापरल्या जाणाऱ्या गनकॉटनची सख्खी बहीण. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो, त्यामुळे एकदा पेटली की पाण्याखालीही विझत नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशा नायट्रेट फिल्मांचा मोठा साठा खाक झाला. १९४८मध्ये कोडॅकने ट्रायअ‍ॅसिटेटची फिल्म आणली, आणि पुढच्या काही वर्षांत नायट्रेट मागे पडलं. नव्या फिल्मला नावच पडलं ‘सेफ्टी फिल्म’.

आगीपासून सेफ्टी, एवढंच. ही फिल्म आपोआप खराब होते अशी पहिली नोंदलेली तक्रार कोडॅककडे दहा वर्षांच्या आत पोचली, आणि ती होती भारत सरकारची! फिल्म उष्ण, दमट हवेत ठेवलेली होती. आपल्या हवामानाने लावलेला शोधच म्हणायचा हा.

घडतं काय, तर हवेतल्या पाण्याचे रेणू सेल्युलोजच्या साखळीला चिकटलेले अ‍ॅसिटिल गट तोडतात आणि अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं. व्हिनेगरचा वास तो हाच. गोम पुढे आहे: हे आम्लच पुढची तोडफोड वेगाने घडवून आणतं. सुरुवातीची कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही. मग एका टप्प्यानंतर उतार लागल्यासारखी फिल्म घसरत जाते. आपण धूळ लागू नये म्हणून डबा घट्ट बंद करतो, तेव्हा आम्लाची वाफही आतच कोंडतो. गंजलेल्या डब्यातलं लोखंड त्यात भर घालतं. शेजारच्या धडधाकट रिळालाही ही वाफ बाधते, म्हणून आजारी रिळं वेगळी ठेवतात. डब्यात रंगद्रव्य लावलेली कागदी पट्टी ठेवतात. ती निळ्याची हिरवी, हिरव्याची पिवळी होत गेली की आम्ल किती साचलंय ते कळतं. नाकापेक्षा भरवशाचं, आणि फुफ्फुसांनाही बरं.

ताजी अ‍ॅसिटेट फिल्म २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवली, तर हा वास यायला साधारण चाळीस वर्षं लागतात असा अंदाज आहे. फ्रिजइतक्या थंडीत तोच काळ काही शतकांवर जातो. पंख्याखालच्या कपाटाचा हिशोब वाचकांनीच करावा.

सडणारी पट्टी आक्रसते, पण वरचं जिलेटिन तेवढं आक्रसत नाही, त्यामुळे ते सुटून त्याच्या सुरकुत्या पडतात. पट्टी एखादा टक्का जरी आखडली, तरी कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत. जबरदस्ती केली तर फिल्म फाटते. म्हणून अशा रिळांसाठी बिनदात्यांचे, नुसत्या रुळांवर फिल्म सरकवणारे स्कॅनर असतात. ओरखडे लपवायची युक्ती तर फारच सुंदर आहे. स्कॅन करताना फिल्म एका द्रवात बुडवतात. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, पट्टीच्या जवळपास असल्याने प्रकाश ओरखड्यापाशी वाकतच नाही, आणि वाकला नाही तर ओरखडा दिसणार कसा?

२०१९मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या हाती गांधीजींवरची तीस रिळं लागली. संकलन न केलेली, वेगवेगळ्या कंपन्यांनी टिपलेली, मिळून सुमारे सहा तासांची. हिशोब जुळतो: ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट, हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, आणि अशी तीस रिळं म्हणजे साडेपाच तास. यातला जवळपास अर्धा तास आहे तो गांधीजींच्या अस्थी मद्रासहून रामेश्वरला नेणाऱ्या खास गाडीचा, आणि स्टेशनास्टेशनावर तिच्यासाठी लोटलेल्या गर्दीचा. अर्धा तास म्हणजे २,७०० फूट पट्टी, ४३,२०० चौकटी. स्कॅनरपुढून त्या एकेक करून जातात.