जावा वेब ॲप्लिकेशन्सचे लॉगिंग (सामायिक टॉमकॅट सर्व्हर)

एकाच अपाची टॉमकॅटवर (जावा वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर) अनेक वेब ॲप्लिकेशन्स चालतात, तेव्हा प्रत्येकाच्या लॉग-नोंदी स्वतंत्र फाइलींत आणि स्वतंत्र पातळीवर (किती गंभीर नोंदी ठेवायच्या ती मर्यादा) ठेवण्याची व्यवस्था.

नोंदी अशा वेगळ्या ठेवण्यातली अडचण जावाच्या अंगभूत लॉगिंगमध्येच आहे. जेएसआर ४७ या जावा-प्रस्तावानुसार ते २००२ मध्ये जेडीके १.४ या जावाच्या विकास-संचाबरोबर आले. लॉगफोरजे हे लॉगिंगचे वेगळे साधन तोवर रुळले होते. त्याचे मूळ १९९६ च्या सुमारास युरोपीय संघाच्या सेम्पर प्रकल्पात असल्याचे त्याचे कर्ते सांगतात. ठिपक्यांनी जोडलेल्या लॉगर-नावांची (लॉगर म्हणजे नोंद करणारा घटक) उतरंड दोन्हींत सारखीच असल्याने अंगभूत लॉगिंग हे लॉगफोरजेचेच अपत्य मानले जाते. प्रभाव उघड आहे. मात्र अंगभूत लॉगिंगमध्ये सात पातळ्या आणि लॉगफोरजेत तेव्हा पाच, हे पाहता नक्कल म्हणणे घाईचे ठरेल.

अंगभूत लॉगिंगची मांडणी संपूर्ण जेव्हीएमसाठी (जावा प्रोग्राम चालवणारे आभासी यंत्र) एकच असते. टॉमकॅट ५.५ पासून ज्युली हा घटक ही मर्यादा दूर करतो. त्याचा लॉग मॅनेजर क्लासलोडरनिहाय, म्हणजे प्रत्येक ॲप्लिकेशनचा कोड चढवणाऱ्या घटकानुसार, मांडणी ठेवतो. त्यामुळे सर्व्हरची लॉगिंग.प्रॉपर्टीज ही मांडणीची फाइल कॉन्फ फोल्डरात आणि ॲप्लिकेशनची स्वतःची त्याच्या वेब-इन्फ/क्लासेस फोल्डरात राहते. हँडलरच्या (नोंद फाइलीत वा कन्सोलवर लिहिणारा घटक) नावाआधी ‘१कॅटॅलिना.’, ‘२लोकलहोस्ट.’ असा अंकाने सुरू होणारा उपसर्ग लावून एकाच वर्गाचे अनेक हँडलर करता येतात. मूळ जावात लॉगरची नोंद वरच्या लॉगरच्या हँडलरांकडेही जाते. ज्युलीत लॉगरला स्वतःचा हँडलर दिला की ती वर जात नाही. वर हवीच असेल तर यूजपेरेंटहँडलर्स ही सेटिंग ट्रू करावी लागते. नोंदी ‘गायब’ होण्यामागे बहुधा हेच असते.

लॉगफोरजे १ सर्वांसाठीच्या लिब फोल्डरात ठेवले, तर जे ॲप्लिकेशन त्याला प्रथम हात लावते त्याचीच मांडणी सर्वांच्या माथी येते. म्हणून प्रत्येकाच्या वेब-इन्फ/लिबमध्ये वेगळी प्रत ठेवणे बरे. त्याची किंमत डिसेंबर २०२१ मध्ये दिसली: लॉगफोरजे २ मधील लॉगफोरशेल या सुरक्षा-त्रुटीमुळे त्या आवृत्तीची अशी प्रत्येक प्रत शोधून बदलावी लागली.

कॅटॅलिना.आउट ही फाइल ज्युलीच्या ताब्यात नसते. लिनक्सवर सुरुवातीची स्क्रिप्ट सर्व्हरचे कन्सोल-आउटपुट तिच्यात वळवते. सिस्टिम.आउटवर छापणाऱ्या ॲप्लिकेशन्सची गर्दी तिथेच होते. कॉन्टेक्स्टवर (टॉमकॅटमधील ॲप्लिकेशनच्या मांडणीत) स्वॉलोआउटपुट हा पर्याय लावल्यास ते आउटपुट त्या-त्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये जाते. चालू सर्व्हरवर ही फाइल नुसती डिलीट केल्याने डिस्क मोकळी होत नाही, कारण प्रक्रियेने ती उघडी धरलेली असते. लॉगरोटेट या लॉग-फाइली फिरवणाऱ्या लिनक्स साधनात कॉपीट्रंकेट (प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणे) वापरावे लागते.