वॉन, ह्वान आणि ४२९२ सालचं नाणं

कोरियन नाणी जमवणाऱ्याच्या हाती कधी ना कधी एक नाणं येतं, ज्यावर साल असतं ४२९२. हा दांगुन शक, पुराणकथेतल्या राज्यसंस्थापकापासून मोजलेला. आपण शालिवाहन शकात ७८ मिळवतो, तसे इथे २३३३ वजा करायचे, म्हणजे १९५९. नाणं दक्षिण कोरियाचं, पण पाडलेलं फिलाडेल्फियात.

त्याआधीचा इतिहास मोठा आहे. दहाव्या शतकाअखेरची लोखंडी नाणी, मग १६७८ पासून देशभर चाललेलं, चौकोनी भोकाचं 'सांगप्योंग थोंगबो'. हे ठशाचं नव्हे, ओतीव. साच्यातून निघताना नाणी फांदीला पानं लागावीत तशी दिसत, म्हणून लोकांच्या तोंडी 'पान-नाणं'. पाठीवर ओतणाऱ्या कचेरीची खूण असते. तेवढ्यावरच हजारो प्रकार होतात, त्यात शिरलात तर बाहेर येणं कठीण.

खरा गुंता विसाव्या शतकात आहे. कोरियाचं चलन वॉन, जपानी येन आणि चिनी युआन एकाच 'गोल' अर्थाच्या शब्दाची रूपं, आणि मधल्या काळातलं कोरियन चलन ह्वान हे त्याचंच भावंड. कोरियन युद्धातल्या महागाईनंतर १९५३ मध्ये १०० वॉनचा १ ह्वान झाला. १९६२ मध्ये लष्करी राजवटीने १० ह्वानचा १ वॉन केला. दडवलेला पैसा बाहेर काढायचा हेतू होता आणि नव्या नोटा गुपचूप इंग्लंडमध्ये छापून आणल्या होत्या. म्हणजे १९५३ पूर्वीचा वॉन आणि १९६२ नंतरचा वॉन यांत नाव सोडून काहीच सामाईक नाही. विक्रेते दोन्ही एकाच कप्प्यात ठेवतात, त्याला इलाज नाही.

नोटा बदलल्या, पण नव्या वॉनची नाणी तयार नव्हती. म्हणून १० ह्वानचं नाणं १ वॉनला आणि ५० ह्वानचं ५ वॉनला चालू ठेवलं. आपल्याकडे १९५७ नंतर पावली २५ नव्या पैशांना चालली, तसंच. हे १९७५ पर्यंत सुरू राहिलं. त्यामुळे बरीच ह्वान नाणी झिजलेली मिळतात. १०० ह्वानला मात्र ही सवलत मिळाली नाही. त्यावर ज्या राष्ट्राध्यक्षांचं चित्र होतं, त्यांना १९६० मध्येच पायउतार व्हावं लागलं होतं. नाणं १९६२ मध्ये बाद झालं.

१९६६ ची नवी नाणी शेजारी ठेवून बघा. १० ह्वानवरचं मुगुंग्ह्वा फूल १ वॉनवर आलंय आणि ५० ह्वानवरचं कासव-जहाज (जुनी कोरियन युद्धनौका) ५ वॉनवर. किंमत तीच, चित्रही तेच, फक्त नाव वेगळं. माझ्या मते कोरियन संग्रहातली सगळ्यात बोलकी जोडी हीच, आणि तुलनेने स्वस्त.

बाजार मात्र १९९८ च्या ५०० वॉनमागे धावतो. त्या वर्षी देश आर्थिक संकटात होता. घराघरांतली चिल्लर बाहेर काढायची मोहीम चालू होती, त्यामुळे नव्या नाण्यांची गरजच उरली नाही. फक्त ८,००० नाणी निघाली, तीही भेटसंचांसाठी. आज ती दर्शनी किमतीच्या हजारपटीवर जातात. इतर वर्षांच्या नाण्यांसारखंच, चित्रातला सारस तोच, धातू तोच, फरक फक्त सालाच्या आकड्यांत. खरेदीआधी ते आकडे भिंगाखाली धरा, विशेषतः शेवटचा ८.