टीबीच्या रुग्णाचे पोषणाचे पैसे: कुठे अडतात आणि कसे सोडवायचे

टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून थेट खात्यात पैसे देणाऱ्या निक्षय पोषण योजनेला उत्पन्नाची अट नाही. हे सगळ्यात आधी सांगावं लागतं, कारण ‘आपलं पिवळं रेशनकार्ड नाही, आपल्याला काय मिळणार’ असं समजून अनेक जण बँकेचा तपशीलच देत नाहीत. रेशनकार्ड केशरी असो, पांढरं असो की मुळीच नसो, औषध महापालिकेच्या केंद्रातून घेत असा की खासगी डॉक्टरकडून, टीबीचं निदान होऊन निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणी पोर्टलवर नोंद झाली की तुम्ही पात्र. आधारवरचा पत्ता गावचा असला तरी हरकत नाही. गोळ्या तर कुठल्याच कागदासाठी थांबत नाहीत. ‘आधी आधार आणा, मग औषध’ असं कोणी म्हणालं तर ऐकून परत फिरू नका, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रक्कम महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झाली. पण ती दर महिन्याला येत नाही, आणि घोळ इथेच होतो. पहिले ३,००० निदानानंतर आगाऊ येतात, दुसरे ३,००० उपचाराचे ८४ दिवस झाल्यावर. हे ८४ दिवस उपचार सुरू झाल्यापासून मोजायचे, पहिला हप्ता खात्यात पडला त्या दिवसापासून नव्हे. उपचार सहा महिन्यांपुढे गेला तर पुढचे दरमहा १,०००.

कागद मोजकेच लागतात: निदानाचा रिपोर्ट, आधार, पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि चालू मोबाइल नंबर. वेगळा फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाची इथे गरजच नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

खरी अडचण बँकेची. खातं आहे, पण वर्षानुवर्षं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं. केवायसी संपलेली. आधारवर एक नाव, पासबुकवर दुसरं. गावाहून आलेल्यांकडे अजून अलाहाबाद बँकेचं पासबुक असतं. ती बँक २०२० मध्ये इंडियन बँकेत विलीन झाली, आयएफएससी कोड बदलला, पण पासबुकवर जुनाच छापलेला आहे. देना, सिंडिकेट, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँकेच्या पासबुकांचंही तेच. केंद्रातली ताई समोर दिसतो तोच कोड भरते आणि पेमेंट परत जातं. म्हणून तपशील देण्याआधी शाखेत जाऊन तीन गोष्टी विचारा: खातं चालू आहे का, आजचा आयएफएससी कोणता, आणि आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, जोडलेलं आहे का. नुसतं आधारची झेरॉक्स दिलेली असणं म्हणजे जोडलेलं असणं नव्हे, हे लाडकी बहीण योजनेच्या वेळी घराघरात कळलं आहेच. डीबीटीसाठी आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं राहतं. त्यामुळे पैसे आले नाहीत असं वाटलं तर गावच्या बँकेतलं जुनं खातंही एकदा तपासा. खातंच नसेल तर पोस्टात किंवा जनधनमध्ये शून्य शिलकीचं उघडता येतं. तेही जमत नसेल, माणूस रुग्णालयात भरती असेल, तर रुग्णाच्या लेखी संमतीने रक्ताच्या नातेवाइकाचं खातं देता येतं. हे आपण विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही.

खासगी डॉक्टरकडे उपचार घेत असाल तर ‘माझा निक्षय आयडी (पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक) द्या’ असं स्पष्ट मागा. टीबीचा रुग्ण कळवणं खासगी डॉक्टरांवर २०१२ पासून बंधनकारक आहे, ते तुमच्यावर उपकार करत नाहीत. टाळाटाळ झाली तर रिपोर्ट घेऊन जवळच्या हेल्थ पोस्टवर (महापालिकेच्या आरोग्य केंद्रावर) जा किंवा १८००-११-६६६६ या टोल फ्री नंबरवर विचारा.

आता एक नाजूक गोष्ट. घरमालक खोली सोडायला सांगेल, कारखान्यात कळेल, या भीतीने लोक चुकीचा पत्ता आणि दुसऱ्याचा नंबर देतात. भीती खोटी नाही. पण मग खात्यात अडचण आली तरी कर्मचाऱ्यांना तुमच्यापर्यंत पोचता येत नाही. नंबर खराच द्या आणि ‘घरी येऊ नका, मी केंद्रावर येते’ असं आधीच सांगा. गावी जायचं असेल तर न सांगता निघू नका. निक्षयवर ट्रान्सफर करून घ्या, आयडी तोच राहतो. सलग महिनाभर औषध तुटलं की नोंदीत ‘उपचार सोडला’ असं लागतं. मग पैसे तर अडतातच, त्याहून वाईट म्हणजे आजार बळावतो.

खाण्याचे पैसे म्हणजे वरखर्च नव्हे. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला तेव्हा त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणून निक्षय मित्राकडून, म्हणजे टीबीच्या रुग्णांना मदत करायला पुढे आलेल्या व्यक्ती किंवा संस्थेकडून, मिळणाऱ्या शिध्याच्या संमतीपत्रावरही सही करून ठेवा. तो मिळेलच असं नाही, पण सहीशिवाय मिळणारच नाही.

काम सुटलेल्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनाही आहे. आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणारे क्षयरुग्ण तिच्यात स्पष्टपणे धरले आहेत, महिना १,५०० रुपये. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००! म्हणजे महिन्याला १,७५०. मुंबईत गोवंडी-मानखुर्दला एका खोलीचं भाडंही त्यात भागत नाही. ज्या घरात कोणी थोडंफार कमावतं ते घर या अटीत बसतच नाही, आणि ही मर्यादा अजून का ठेवली आहे याचं उत्तर सरकारने द्यायला हवं. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तरीही एकट्या राहणाऱ्या, कमावता माणूस गमावलेल्या बाईने अर्ज जरूर करावा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधी काढा, त्यालाच वेळ लागतो. आजाराचा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकांचाच लागतो. खासगी डॉक्टरची चिठ्ठी जोडलेला अर्ज परत येतो.